मोतुहिफोची तोआकासे

मी थापाड्या आहे हे लोफाले बेटावरच्या डुकरांनासुद्धा ठाऊक आहे. मी तोंड उघडलं की ती उठून दुसऱ्या सावलीत जातात. एका शार्कनं माझी होडी पार मोठ्या बेटावरच्या पांगायच्या धक्क्यापर्यंत ओढत नेली आणि मजुरी म्हणून माझ्याकडे शहाळं मागितलं, ही हकीकत मी चर्चच्या पायरीवर बसून सांगितलेली आहे. त्यावर पाद्रीबुवांनी फक्त एवढंच विचारलं, "मग, दिलंस का?"

तर अशा माझ्या सगळ्या थापांमध्ये एकच थाप अशी निघाली की जिची लोक अजून चौकशी करतात. तिचं नाव तोआकासे, राहणार मोतुहिफो. ती कधी जन्माला आली नाही, आणि तिच्यासाठी टांगणीला लागला तितका जीव आमच्या बेटांवर फार कमी माणसांसाठी लागला असेल.

सुरुवात झाली माझ्या बायकोपासून, लुसेआनेपासून. एका दुपारी ती चटईसाठी केवड्याची पानं चिरत बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"पेनी, एक सांगते. हसायचं नाही, आणि त्याची गोष्ट करून गावभर वाटायची नाही."

"मी कधी तुझी गोष्ट केली?"

"परवाच सांगत होतास ना, माझ्या घोरण्याला भोंगा समजून कुठलंसं जहाज प्रवाळावर चढलं म्हणून?"

"ते खरं आहे. कप्तान अजून तुझी आठवण काढतो."

ती हसली नाही. लुसेआने हसली नाही की मला घरात दिवा विझल्यासारखं वाटतं. पातं खाली ठेवून ती म्हणाली, "मला पुन्हा डाग दिसतोय. बरेच दिवस झाले. कंबरही धरते."

पाळी जाऊन तिला इतकी वर्षं झाली होती की तो शब्दच आमच्या घरातून उठून गेला होता. मी म्हणालो, "मग दवाखान्यात जा की," आणि लगेच जीभ चावली.

दवाखाना म्हणजे पत्र्याची दोन खोल्यांची इमारत, आणि त्यात बसणारा आरोग्य ऑफिसर म्हणजे होपोआते. खोकला, साखर, मोडलेला हात, गळ रुतलेला अंगठा, अडलेली बाळंतीण, सगळ्यांना तो एकटा. माणूस सोन्यासारखा. अडचण एकच, की होपोआते लुसेआनेचा पाठचा भाऊ.

आमच्याकडे भाऊ-बहीण वयात आले की एका छपराखाली बसत नाहीत. भाऊ झोपायला वेगळ्या खोपटात जातो, आणि तिथून पुढे बहिणीच्या अंगाशी लागणारी कुठलीही गोष्ट त्याच्या कानांवर किंवा डोळ्यांसमोर येऊ द्यायची नाही, मग तो आजार असो, विनोद असो की दोरीवर वाळत घातलेला परकर असो. बहीण मानानं वरची. तिनं सांगितलं तर भाऊ अंगावरचा सदरा काढून देईल. पण तो द्यायलाही मध्ये तिसरा माणूस लागतो. माझी मुलं पांगायला जाऊन जन्मली ती याचसाठी.

"पांगायला जाऊ," मी म्हणालो.

"आणि तिथले कागद कुणाकडे येतात? त्याच्याच टेबलावर. माझ्या नावाखाली माझ्या भावानं ते वाचायचं? मग मी या बेटावर कोणत्या तोंडानं राहू, आणि तो तरी कोणत्या तोंडानं राहील? वयानं होत असेल. जाईल आपोआप."

"आणि नाही गेलं तर?"

"तर मी जाईन," ती म्हणाली, आणि पुन्हा पानं चिरायला लागली.

हे वाक्य ती सहज बोलून गेली. माझ्या घशात मात्र ते माशाच्या काट्यासारखं अडकलं. भात गिळा, केळं गिळा, उतरेना.

आता माझ्यासारख्या माणसापाशी हत्यार ते कोणतं? रविवारी चर्चच्या आधी, सकाळीच, आम्ही पुरुष कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, प्यायला बसतो. मध्ये लाकडी काथवट, भोवती आम्ही मांडी घालून, आणि करवंटी हातातून हातात फिरत असते. त्या दिवशी मी आधी शार्कची गोष्ट थोडी वाढवून सांगितली. मग आवाज खाली आणला.

"गेल्या खेपेला मी वाऱ्यानं मोतुहिफोला अडकलो होतो ना, तिथे एक बाई भेटली. तोआकासे नावाची. बिचारीला फार त्रास आहे."

होपोआतेनं हातातली करवंटी खाली ठेवली आणि सगळ्यांकडे पाहिलं. बाईच्या आजाराचा विषय निघाला की आमच्या बैठकीत जे आधी विचारायचं असतं ते त्यानं विचारलं.

"हिचा कुणी भाऊ इथे बसलाय का? चुलत, मावस, कुणीही? असेल तर मी थांबतो."

सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. शेवटी त्यानं माझ्याकडे पाहिलं. "दाजी?"

मी आजवर शार्क, वादळं, भुतं आणि एकदा तर बोलणारा सुरण खपवलेला माणूस. पण त्याच्या डोळ्याला डोळा देऊन एवढी एक थाप मारताना माझ्या पाठीला घाम फुटला.

"नाही," मी म्हणालो. "तिला एक भाऊ होता. तो फार लांब असतो."

मग मी सगळं सांगितलं. डाग, कंबर, पाळी कधी गेली, काय खाते, वजन उतरलंय का. होपोआते विचारत गेला आणि मी सांगत गेलो. एका ठिकाणी मी इतकं बारीक सांगितलं की शेजारचा मोसेसे म्हणाला, "पेनी, वाऱ्यानं अडकला होतास की घरजावई झाला होतास?" बैठक खदखदून हसली. होपोआते हसला नाही.

"दाजी, हे वयानं होत नाही," तो म्हणाला. "गर्भाशयाच्या तोंडाशी काही वाढत असलं तर असं होतं. नक्की नाही, पण बघायलाच हवं, आणि लवकर. ज्या बायकांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी आता सोपी तपासणी आलीय. पडद्याआड जायचं, कापसाची काडी स्वतःच फिरवायची, नळीत टाकून झाकण लावायचं. कुणी बघत नाही, कुणी हात लावत नाही. आजार व्हायच्या आधीच कळतं. पण हिला डाग दिसतो म्हणजे हिचं काडीवर भागणार नाही. कुणीतरी नीट तपासायला हवं. वेळेवर पकडलं तर बाई बरी होते. उशीर झाला तर आमच्या हातात फक्त वेदनेचं औषध उरतं."

मी खूश होऊन घरी आलो. आता हेच सगळं लुसेआनेला सांगायचं, तिला पटवायचं, पुढचं पुढे. दोन दिवस योग्य शब्द जुळवत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यावरून गेलो तर दाराला कुलूप.

"ऑफिसर कुठेत?" मी पायरीवरच्या म्हाताऱ्यांना विचारलं.

"मोतुहिफोला गेलेत. कुणी आजारी बाई आहे म्हणे तिकडे. काड्या, नळ्या, तपासायचं छोटं यंत्र, सगळं होडीत घालून पहाटेच निघाले."

आमच्या ऑफिसरनं मी बनवलेल्या बाईसाठी उघड्या समुद्रात होडी घातली होती. आणि त्याच दुपारी दक्षिणेचा वारा सुटला, समुद्र बोटींना बंद झाला, आणि होपोआते तिकडेच अडकला.

लुसेआनेला मी सगळं सांगितलं. तिनं आधी पोट धरून हसून घेतलं.

"माझ्या साध्याभोळ्या भावाला तू एका बाईच्या मागे पाठवलंस? नसलेल्या? बायको जाऊन इतकी वर्षं झाली, लोकांनी इतकी स्थळं आणली, तो कुठे हलला नाही. आणि तू एका करवंटीत हलवलास!"

मग तिचं हसू ओसरलं. उठताना तिनं खांबाला धरलं. ती वारा ऐकत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला पोहणं फारसं येत नाही रे. लहानपणी मीच त्याला पाठीवर घेऊन खाडी ओलांडायची."

त्या आठवड्यात ती रोज किनाऱ्यावर जाऊन यायची. शिंपले वेचायला जाते म्हणायची. टोपली रिकामीच परत यायची.

वारा पडला आणि होपोआते आला. आमच्या घरी तो कधी पायरी चढत नाही. आत लुसेआने असते. फणसाच्या झाडाखाली उभं राहून त्यानं हाक मारली. मी मान खाली घालून गेलो.

"दाजी, तोआकासे सापडली नाही."

"नाही?"

"घरन् घर विचारलं. लोकांना वाटलं ऑफिसरला वेड लागलंय. तिथल्या पाद्रीबुवांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बेटा, तोआकासे नाही, पण दुसरी एक चांगली विधवा आहे, स्वयंपाक उत्तम करते."

मला हसू आवरेना आणि लाजही आवरेना. होपोआते समुद्राकडे बघत होता.

"पण वारा होता, मी अडकलेला, काड्या होत्या. तिथल्या बायकांच्या तपासण्या करून घेतल्या. त्यांची नर्स ऑकलंडला गेल्यापासून दवाखाना बंदच आहे, इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं त्यांना. एकीचं लवकर पकडलंय. काही त्रास होत नव्हता तिला, वेळेत कळलंही नसतं. तुमच्या तोआकासेमुळे ती वाचेल."

मला गप्प बसता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"तोआकासे तिथे नाही, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी बेटावर असेल," तो सावकाश म्हणाला. "सगळीकडे शोधायला हवी. सुरुवात इथूनच करू. इथे मला ते करता येणार नाही, ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून पांगायहून आतेलाइते नर्सला बोलावलंय. ती दवाखान्यात बसणार नाही, बायकांच्या शेडमध्ये बसेल. मी त्या दिवशी होडी घेऊन बाहेर असेन. आणि सगळे कागद ती आपल्याबरोबर पांगायला नेईल. माझ्या टेबलावर एकही येणार नाही."

त्यानं शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं. घराची भिंत विणलेल्या झापांची. आत पानं चिरायचा आवाज थांबला होता.

जाता जाता तो वळला. "दाजी, दवाखान्यात बसलं की शेडमधल्या मोगऱ्या ऐकू येतात."

शेडमध्ये आमच्या बायका लांब ओंडक्याशी रांगेनं बसून तुतीची साल मोगरीनं कुटतात, तिचं कापड करतात. दिवसभर तो ठोका गावावर असतो.

"त्यातली कडेची एक मोगरी बरेच दिवस दमलीय," तो म्हणाला. "कुणाची ते मी विचारत नाही."

आणि तो गेला. त्याला कधी कळलं होतं? मोतुहिफोला निघण्याआधी की तिथे पोचल्यावर? मी आजवर विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही मला थाप मारावी लागली असती, आणि त्याला ते जमत नाही.

आतेलाइते आली. दणकट बाई, हसली की शेडचं छप्पर हलायचं. तिनं शेडला साली टांगून आडोसा केला आणि बायकांना म्हणाली, "चला ग, तोआकासे कोण आहे ते बघू या!" सगळ्या गेल्या. पाद्रीबुवांची बायको सगळ्यात आधी गेली, कारण मग बाकीच्यांना नाही म्हणता येईना. लुसेआने सगळ्यात शेवटी उठली. होपोआते दिवसभर प्रवाळापलीकडे होडीत बसून होता. गळ टाकून. संध्याकाळी परत आला तेव्हा हातात मासळी नव्हती. मला शंका आहे की गळाला आमिषही नव्हतं.

आतेलाइतेनं लुसेआनेला आतून तपासलं आणि पहिल्याच बोटीनं आपल्याबरोबर पांगायला नेलं. तिथून राजधानीला, आणि तिथून ऑकलंडला, कारण त्या आजाराला किरणं द्यावी लागतात आणि ते यंत्र आमच्या देशात नाही. आमची थोरली मुलगी तिकडेच असते. "अजून वेळ गेलेली नाही," आतेलाइते मला म्हणाली. "पण फार उरलीही नव्हती."

मग मी घरात एकटा राहिलो.

घर एवढं मोठं आहे हे मला माहीत नव्हतं. अर्धी विणलेली चटई कोपऱ्यात तशीच पडून होती. पानांची टोकं उभी, कुणी वळवायची वाट बघत असल्यासारखी. मी तिच्यावरून डुकरं हाकलायचो, पण गुंडाळून ठेवायचा धीर झाला नाही. अळूची पानं नारळाच्या दुधात मी तिच्यासारखीच शिजवली. डुकरांनी खाल्ली, तीही उपकार केल्यासारखी. संध्याकाळी बोलायला तोंड उघडावं तर समोर नाही म्हणणारं कुणी नाही. थाप मारणाऱ्याला एक माणूस लागतं, थाप आहे हे माहीत असलेलं आणि तरी ऐकणारं. बाकीचे नुसते श्रोते.

फोन लागायचा तो चर्चच्या मागच्या उंचवट्यावर. मी तिथे उभा राहून बोलायचो.

"जेवलीस का?"

"सूप घेतलं. इथे सगळे दारं लावून राहतात रे. वाऱ्याचा आवाज येत नाही. काहीतरी सांग."

"काल आपल्या कोंबडीनं चर्चच्या घंटेत अंडं घातलं. रविवारी घंटा वाजली नाही, पिल्लू ओरडलं."

"खोटं."

एवढा एक शब्द ऐकायला मी आठवडाभर थांबायचो.

आणि रविवारी सकाळी काव्याला बसलो की होपोआते करवंटी हातात घेऊन, तिच्यात बघत विचारायचा, "दाजी, त्या तोआकासेची काही खबर?"

"आहे. सूप घेते. किरणांनी थकवा येतो म्हणते."

"उलट्या?"

"थोड्या."

"थकव्यात जबरदस्तीनं खायला लावू नका म्हणावं. थोडं थोडं द्या. आणि तोआकासेला आपली बेटं... म्हणजे, तिचं बेट आठवत असेल."

"रोज आठवतं."

तो मान हलवायचा आणि काव्याचा घोट घ्यायचा. हळूहळू सगळेच विचारायला लागले. मोसेसे विचारायचा, तोआकासेला कोनफळ चालतं का, माझ्याकडे मोठं निघालंय. बायकांनी तोआकासेसाठी म्हणून नारळाचं तेल करून माझ्याकडे दिलं. ऑकलंडला जाणाऱ्या माणसाकडून पोचवा म्हणाल्या. मोतुहिफोची बाई ऑकलंडला काय करते हे कुणी विचारलं नाही. एका रविवारी तर पाद्रीबुवांनी चर्चमध्ये उभं राहून मोतुहिफोच्या तोआकासेसाठी प्रार्थना केली. मी पुढच्या बाकावर. होपोआते सगळ्यात मागच्या. त्याचं आमेन सगळ्यात शेवटी आलं.

उपचार संपले. डॉक्टर म्हणाले, घरी जा. पण पुढची काही वर्षं ठरावीक महिन्यांनी तपासायला हवं, आणि ते घराजवळच्या दवाखान्यानं करायचं. रोज बघणारं माणूस तिथलंच, बदल झाला तर त्यालाच आधी दिसेल. लुसेआनेनं मला फोनवर हे वाचून दाखवलं. घराजवळचा दवाखाना म्हणजे कोण, ते दोघांनाही माहीत होतं.

"मुलगी म्हणते इथेच राहा," ती म्हणाली.

"तू काय म्हणतेस?"

ऑकलंडची बंद दारं मला इथून ऐकू आली.

त्या रविवारी मी होपोआतेला सांगितलं, "तोआकासे बरी आहे. पण घरी यायचं की नाही, ठरत नाही. तपासणार कोण, हा प्रश्न आहे."

त्यानं करवंटी रिकामी केली. "ठरलंय ते," तो म्हणाला. "दोन महिने झाले मला अर्ज करून. मोतुहिफोचा दवाखाना उघडतोय. मी तिकडे जातोय. इथे आतेलाइते येतेय."

"अरे, पण तुझं घर, तुझी माणसं..." मी म्हणालो.

"मोतुहिफोलाही माणसं आहेत, दाजी. आणि ती चांगला स्वयंपाक करणारी विधवा आहे." तो हसायचा प्रयत्न करत होता. मी सांगितलं ना, त्याला जमत नाही.

ज्या बोटीनं लुसेआने आली त्याच बोटीनं तो जायचा होता. धक्क्यावर सगळं गाव. ती उतरली, वाळलेली, उन्हात डोळे मिचकावत, आणि माझा हात तिनं असा धरला की अजून माझ्या बोटांना ती पकड आहे. होपोआते आपली पेटी घेऊन धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, पाठ फिरवून उभा होता, रीतीनं उभं राहायचं तसा.

लुसेआने थांबली. माझ्याकडेच बघत, पण धक्काभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"पेनी, त्याला सांग, वारा असताना होडी काढायची नाही. आता पाठीवर घ्यायला मी तिकडे नाही."

पाठीमागून आवाज आला. "दाजी, सांगा, नाही काढणार."

"आणि वेळेवर जेवायचं म्हणावं."

"दाजी, सांगा, जेवेन."

मी मध्ये उभा. मला काही सांगावं लागलं नाही. आयुष्यभरात त्या दोघांचं एवढं लांब बोलणं मी दुसरं ऐकलेलं नाही.

बोट सुटली. लुसेआने घरी गेली नाही. तशीच शेडमध्ये गेली, कडेच्या जागेवर बसली, आणि मोगरी उचलली. आतेलाइते "अगं, आजच कशाला?" म्हणत धावली, पण तिनं ऐकलं नाही. पहिले ठोके अगदी हलके होते. मग दुसऱ्या बायका थांबल्या. नुसती तिची एक मोगरी वाजत राहिली, बोट प्रवाळाच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत. बोटीच्या मागच्या कठड्याशी कुणीतरी उभं होतं. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही.

आता आतेलाइते तिला नेमानं तपासते आणि बाहेर येऊन मला अंगठा दाखवते. अर्धी चटई पूर्ण झाली. मी पुन्हा थापा मारतो आणि घरातून "खोटं" असा आवाज येतो. फक्त रविवारी बैठकीत एक जागा मोकळी राहते, आणि तिथे कुणी बसत नाही.

मोतुहिफोलाही एका उंचवट्यावर फोन लागतो. मागच्या रविवारी चर्च सुटल्यावर वाजला.

"दाजी, इथे अजून शोधतोय. तोआकासे काही सापडत नाही."

"सापडेल."

"बरी असेल ना ती?"

शेडमध्ये रविवारी कुणी काम करत नाही, तो देवाचा दिवस. पण लुसेआने माझ्या मागे येऊन उभी होती. फोन तिच्याकडे करावा तर ती घेणार नाही, आणि तो बोलणार नाही. तिनं काही न बोलता शेडकडे पाहिलं, मग चर्चकडे, मग पाद्रीबुवांकडे. पाद्रीबुवांनी आपली पाठ फिरवली आणि ढग बघायला लागले.

ती शेडमध्ये जाऊन आपल्या कडेच्या जागेवर बसली आणि तिनं मोगरी उचलली.

मी फोन कानाला लावला नाही. हात लांब करून शेडच्या दिशेनं धरला, आणि जितका वेळ पलीकडून कुणी काही बोललं नाही तितका वेळ तसाच धरून ठेवला.